चिपळूणची २०१९ डिझेल डिझायर की नवीन बेस मॉडेल? (मुक्काम : गुहागर तालुका)

नारळीपाक
मंडळी, सल्ला पाहिजे. इतकी वर्षं पुण्यात नोकरी करून आता गावी येऊन राहिलोय, गुहागर तालुक्यात, अंगणातून समुद्राची गाज ऐकू येते इतकं जवळ. घरात मी, बायको, मुलगी आणि आईबाबा. बाबांचे गुडघे गेलेत, चिपळूणला डॉक्टरकडे न्यावं लागतं, सीझनला आंब्याच्या पेट्या पुण्याला पोचवायच्या असतात आणि गणपतीत पाहुण्यांना चिपळूण स्टेशनवरून आणायचं असतं. म्हणून डिकीवाली गाडी पाहिजे, आणि म्हणून कॉम्पॅक्ट सेडान. बजेट सात, फार ताणलं तर साडेसात.
चिपळुणात एक २०१९ ची डिझेल डिझायर बघून ठेवलीय. व्हीडीआय (बेसच्या वरचं मॉडेल), सिंगल ओनर, एमएच-०८ पासिंग, किलोमीटर साठ हजाराच्या आतबाहेर, पांढरी, दिसायला एकदम चकाचक. पाच चाळीस मागतोय. दुसरीकडे नवीन डिझायरचं एलएक्सआय, म्हणजे बेस मॉडेल, एक्स-शोरूम सव्वासहाच्या आसपास आलंय, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स धरून सव्वासातच्या घरात जाईल. डिझेल सोडवत नाही आणि नवीन गाडीचा मोहही सुटत नाही. काय करू?

जांभ्या_दगड
चणेफुटाणे घेऊन बसलोय. शंभरी गाठणार हा धागा.

घाटवाट
सेडान कशाला पण? कोकणात राहायचं आणि जमिनीला पोट घासणारी गाडी घ्यायची? मायक्रो एसयूव्ही घे, पंच घे, एक्स्टर घे. वाडीतला रस्ता, गटारावरच्या फरश्या, हायवेची ती डायव्हर्जनं... सेडानचा चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) पहिल्याच पावसाळ्यात जाईल. डिकीचं म्हणशील तर मागची सीट पाडायची, झाली डिकी.

बाबलो_कुडाळ
अगदी बरोबर. आमच्या वाडीत रस्तो म्हणजे अर्धो व्हाळ. मेव्हण्याच्या गाडयेचो चेंबर दगडार बसलो, तेल सगळा खाली. ट्रॅक्टरान ओढून कणकवलीक न्हेली. तुका डिकीच व्हयी तर छोटो टेम्पो घे रे, बाबांका पुढे बसव, पेट्यो मागे.

सई_द
टेम्पो, हो ना! बाबांच्या गुडघ्यांचं काय ते टेम्पोला विचारा.
घाटवाट, मागची सीट पाडली तर आईबाबा कुठे बसणार? आणि सेडानचा खरा फायदा तुम्ही कोणी सांगतच नाही आहात. डिकी वेगळी असते. पिकलेला कापा फणस किंवा दाभोळ बाजारातली सुकट घेऊन हॅचबॅकमधून पुण्याला जाऊन बघा, ताम्हिणी यायच्या आधी घरातली माणसं तुमच्याशी बोलायची बंद होतील. माझ्याकडे आधीची अमेझ आहे (२०१८ ला आली ती), डिकी ४२० लिटर, नवीन अमेझची ४१६, टिगोरची ४१९, ऑराची ४०२, डिझायर यांत सगळ्यात लहान, ३८० च्या आसपास. पण लिटरवर जाऊ नका, डिकीचं तोंड किती रुंद आहे ते बघा. लाकडी पेटी आडवी जात नसेल तर लिटर घेऊन काय लोणचं घालायचंय?
ग्राउंड क्लिअरन्सचं, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाच्या उंचीचं, पण तेच. डिझायर १६३ मिलिमीटर, टिगोर १७०, नवीन अमेझ १७२. फरक सात-नऊ मिलिमीटरचा. पाच माणसं आणि पेट्या भरल्यावर मागची बाजू किती बसते हे जास्त महत्त्वाचं. मला वाडीतल्या रस्त्याने कधी त्रास दिला नाही, त्रास देते ती फेरीबोट. धोपावे-दाभोळला ओहोटीच्या वेळी रॅम्प असा काही तिरका होतो की पुढचा बंपर टेकतोच. तिरकी घालायची, एक चाक आधी चढवायचं, बोटीवरची पोरं हात करून सांगतात तसं करायचं, मग नाही लागत.

घाटवाट
फणसाचा मुद्दा मान्य. बाकी मतावर ठाम.

आबा_रत्नांग्री
जरा पैशाचं बोलू. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. नवीन गाड्या उतरल्या, पण जुन्या विकणाऱ्यांच्या डोक्यात अजून जुनेच भाव आहेत. सहा वर्षांच्या, बीएस४ (जुन्या प्रदूषण नियमांच्या) डिझेल, बेसच्या वरच्या मॉडेलला पाच चाळीस म्हणजे त्याने २०२४ चा हिशोब धरलाय. साडेचारच्या वर विचार करू नको. त्याला सांग, नवीन केवढ्याला मिळते ते मला माहीत आहे.
आणि नवीनमधे सहा एअरबॅग बेसपासून आहेत, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टला पाच स्टार मिळालेत. २०१९ वालीत दोनच. म्हातारी माणसं आणि पोर घेऊन एनएच-६६ ने (मुंबई-गोवा हायवे) जाणार असशील तर हे मी इंजिनाच्या आवाजापेक्षा वर धरीन.

डिझेलभक्त
तीन सिलिंडरचं नवीन पेट्रोल आणि ते जुनं १.३ डिझेल यांची तुलना होऊच शकत नाही. कुंभार्ली घाट तिसऱ्या गिअरमधे, एसी चालू, पाच माणसं. एप्रिल २०२० नंतर मारुतीने डिझेल बंद केलं, म्हणजे हे इंजिन आता परत मिळणार नाही. चांगली मिळत असेल तर डोळे झाकून घे.

जुना_गॅरेजवाला
डोळे झाकून काही घेऊ नको बाबा. मी एकच विचारतो. ही गाडी चिपळुणातली, सिंगल ओनर, २०१९ ची. २२ जुलै २०२१ ला ती कुठे उभी होती?
वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा ज्यांच्या गाड्या पार्किंगमधे होत्या त्यांना वरती काढायलाही वेळ मिळाला नव्हता. त्यानंतर कित्येक महिने आमच्याकडे त्याच गाड्यांचं काम चालू होतं. काही इन्शुरन्सने टोटल लॉस केल्या, लिलावात गेल्या. काही मालकांनी स्वतःच्या पैशाने सुकवल्या, धुतल्या, सीटकव्हर नवीन घातले आणि चालवल्या. त्यातल्या काही अजून नीट चालतायत हेही खरं. पण विकताना कोण सांगतो?
बघायला जाशील तेव्हा चकाचक पत्र्याकडे बघूच नको. पुढच्या सीटचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढ, शेवटपर्यंत, जिथे तो कधी येतच नाही तिथपर्यंत. तिथे गढूळ रंगाची रेघ दिसली तर पाणी तिथवर आलं होतं. बेल्ट नवाकोरा असेल तर तो का बदलला ते विचार. मग सीट मागे सरकवून तिच्या रुळांचे बोल्ट बघ, गंज आहे का किंवा त्याहून वाईट म्हणजे एकच बोल्ट नवीन चमकतोय का. डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बोट फिरव, पुराचा गाळ मैद्यासारखा बारीक असतो आणि कोपऱ्यात राहतोच. डॅशबोर्डखाली मोबाईलचा टॉर्च मारून वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट बुरशी दिसते का बघ. एअरबॅगचा कंट्रोल युनिट दोन सीटांच्या मधे, खाली असतो, पाणी आलं की तो आधी बुडतो. दिवा डॅशवर पेटत नसेल तर चावी ऑन करताना तो क्षणभर तरी पेटतो का बघ, काही लोक बल्बच काढून ठेवतात.
आणि शेवटचं, चासी नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिस हिस्टरी काढ. जुलै २०२१ नंतर काय लिहिलंय ते वाच.

नारळीपाक
बापरे. हे डोक्यातच नव्हतं आलं. मालक म्हणाला गाडी तेव्हा सावर्ड्याला होती. उद्या-परवा जाऊन बघतो. आबा, भावाचं पण पटलं.

जांभ्या_दगड
पूर आला तेव्हा चिपळुणातल्या विक्रीला आलेल्या सगळ्याच गाड्या सावर्ड्याला होत्या. केवढं पार्किंग असेल तिथे!

पंचगंगा_काठ
😂😂
पण म्हणून लगेच घाटावरची गाडी शोधायला धावू नका. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगली आठवडाभर पाण्यात होती आणि जुलै २०२१ ला पुन्हा. महाडही त्याच आठवड्यात बुडालं. गॅरेजवाल्या काकांची यादी एमएच-०९ आणि एमएच-१० ला पण लावा.

लाटांचा_आवाज
पूर एकदा येतो, खारं वारं रोज येतं. धागाकर्ते समुद्राजवळ राहतात म्हणून लिहितो. आमची गाडी हर्णैला. वरून रंग शाबूत, पण दाराच्या खालच्या कडा आतून सडल्या, कारण दारातली पाणी जायची भोकं सुरूच्या काड्यांनी बुजली होती आणि पाणी आतच साठायचं. दुसरं, एसीचा कंडेन्सर. पुढच्या जाळीमागे असतो, त्याच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या खारवटून भुगा होतात, मग गॅस टिकत नाही. मेकॅनिक दरवेळी गॅस भरून देतो आणि आपण दरवेळी पैसे. जुनी गाडी किनाऱ्यावरची घेत असाल तर जाळीतून टॉर्च मारून पट्ट्या बघा, पांढरी पावडर दिसली तर तेवढे पैसे कमी करून मागा.
नवीन घेतलीत तरी अंडरबॉडी कोटिंग पावसाळ्याआधी, तळ धुऊन पूर्ण वाळल्यावरच. चिखलावर मारलं तर ओल आत कोंडते आणि वरून सगळं छान काळं दिसतं. फेरीबोटीवरून उतरलात की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याचा पाइप मारायचा.

अप्पा_मंडणगड
किती ती काळजी! आमच्या वडिलांची अँबॅसिडर वीस वर्षं आंब्याखाली उभी होती, कोटिंग नाही की काही नाही.

सई_द
अप्पा, अँबॅसिडरचा पत्रा आणि हल्लीचा पत्रा? आंब्याखाली नका हो लावायला सांगू, चीक पडला की क्लिअरकोट जातो.

अप्पा_मंडणगड
मी कुठे सांगितलं लावा म्हणून. उभी होती एवढंच म्हटलं. आतमधे कोंबड्या अंडी घालायच्या.

व्होल्टमामा
इतकं सगळं इंजिन, डिझेल, चेंबर कशासाठी? टिगोर ईव्ही जुनी बघा ना. घरी चार्ज करा, चिपळूणला जाऊन या.

अप्पा_मंडणगड
३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या मंडणगड-दापोली भागात गावंच्या गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. मोबाईल चार्ज करायला जनरेटरवाल्याकडे रांग होती. गाडी कुठे लावू, विहिरीच्या पंपावर?

व्होल्टमामा
वादळ रोज येतं का? आणि तेव्हा पेट्रोल पंप तरी कुठे धड चालू होते?

जांभ्या_दगड
ईव्हीसाठी वेगळा धागा काढा रे, हा सेडानमधे बसूदे.

घाटवाट
मग पेट्रोलवाल्यांनी ई२० चं (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) पण सांगा. २०२३ च्या आधीच्या गाड्या ई२० साठी बनवलेल्या नाहीत. जुनं पेट्रोल घेणार असाल तर रबरी पाइप, सील याकडे लक्ष ठेवावं लागेल, अॅव्हरेज थोडं पडतंच. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणातला जुलै आणि महिनाभर उभी गाडी, टाकी पाव भरलेली... टाकी भरून ठेवत जा, रिकामी जागा जेवढी कमी तेवढं बरं.

डिझेलभक्त
म्हणूनच म्हणतोय, डिझेल.

मधली_आळी
सीएनजीचं कोणीच बोललं नाही. टिगोरमधे दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाखाली येतात, पेट्यांना जागा राहते. डिझायर सीएनजीत एकच मोठा सिलिंडर, डिकी निम्मी गेली. जुनी सीएनजी घेणार असाल तर सिलिंडरची दर तीन वर्षांची टेस्ट झालीय का ते प्लेटवर बघा. गणपतीत पंपावरची रांग ही तुमची तुम्ही बघा, मी एकदा त्या रांगेत आरती म्हटलीय.

सई_द
आरती 😄 धागाकर्ते, एक राहिलं. बाबांना घेऊन जा गाडी बघायला. सेडानची सीट खाली असते, गुडघे दुखणाऱ्याला बसता येतं, उठता येत नाही. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर नको, बाहेर उतारावर दोन-तीनदा बसवून उठवून बघा. माझ्या सासूबाईंनी एका गाडीला दारातच नकार दिला होता, किंमत विचारायची वेळच आली नाही.

नारळीपाक
अपडेट. चिपळूणची गाडी बघितली. लिहिताना अजून राग येतोय म्हणून जरा लांबेल.
मालक स्वतः नव्हता, त्याच्या वतीने एक ब्रोकर होता. बाबांना चालवून दाखवायला लागला, "काका, बसा हो, लोणी आहे गाडी." मी बेल्ट ओढायला लागलो तर म्हणतो, "साहेब, तुटेल तो." तरी ओढला. ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट नवीन. शेजारचा जुना, आणि अगदी मुळाशी, जिथे तो खांबात जातो, तिथे बोटभर पट्टा चहाच्या रंगाचा. सीटच्या रुळाला चारपैकी दोन बोल्ट गंजलेले, दोन चकचकीत. ब्रोकर म्हणाला लहान मुलांनी पाणी सांडलं. मी म्हटलं, मुलांनी वाशिष्ठी सांडली का?
हिस्टरी पण काढली. जून २०२१ ला सर्व्हिस, पुढची नोंद थेट फेब्रुवारी २०२२, ती पण वायरिंगचं काम. मधे काही नाही. मी हे दाखवल्यावर पाच चाळीसचे तीन नव्वद झाले, उभ्या उभ्या. म्हणजे त्याला माहीत होतं.
सोडली. गॅरेजवाले काका, तुमच्या हाताला एक नारळ लागू.

डिझेलभक्त
तीन नव्वदला... तसा विचार करण्यासारखा भाव आहे. चार वर्षं चाललीय ना पुरानंतर? जे बिघडायचं ते बिघडून झालं असेल.

जुना_गॅरेजवाला
नाही. इंजिनाचं म्हणशील तर हो, ते खोलून धुतलं की होतं. वायरिंगचं तसं नसतं. कनेक्टरच्या आत गंज सावकाश वाढतो, दर पावसाळ्यात एक नवीन दुखणं काढतो. कधी काच खाली जाऊन वर येत नाही, कधी गाडी चालता चालता बंद. शोधायला दिवस जातो, सापडेपर्यंत मजुरीच गाडीएवढी. आणि एअरबॅग उघडतील की नाही याची खात्री कोणी देणार नाही. एकट्यासाठी, रोज गावातल्या गावात फिरायला घेतली असती तर मी गप्प बसलो असतो.
अवांतर, पण सगळ्यांसाठी : पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी सिलिंडरमधे असतं, रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत इन्शुरन्सवाले ते नुकसान देत नाहीत. इंजिन प्रोटेक्टचं अॅड-ऑन कोकणात तरी घ्याच.

आबा_रत्नांग्री
बरं झालं सोडलीस. आता नवीन घे आणि मोकळा हो.

नारळीपाक
तिथेच घोळ आहे. बाबा नवीन डिझायरमधे बसले, उठताना दाराला धरून उठले. तिथल्याच एका नातेवाइकाच्या अमेझमधे बसवलं तर नीट उठले. का ते मला कळलं नाही, त्यांनाही नाही. नवीन अमेझ बजेटबाहेर. म्हणून आता २०२० ची पेट्रोल अमेझ बघतोय, कोल्हापुरात, एमएच-०९, दुसरा मालक, चार ऐंशी मागतोय. मॅन्युअल आहे. बायको ऑटोमॅटिकसाठी आग्रही होती पण सीव्हीटीवाली (अमेझची ऑटोमॅटिक) सहाच्या खाली मिळत नाही.

पंचगंगा_काठ
ऑगस्ट २०१९ नंतरची आहे, चला, एक पूर तरी वाचला. जुलै २०२१ चा बघा. कुठल्या भागातली ते विचारा. शाहूपुरीच्या सखल भागात किंवा नदीच्या बाजूला पार्किंग असेल तर बेल्ट ओढाच.

सई_द
मॅन्युअलच घ्या. त्या पेट्रोल इंजिनाला चार सिलिंडर आहेत, शांत आहे, पण खालच्या रेव्हला ओढत नाही. भरल्या गाडीने घाटात दुसरा टाकायला लाजायचं नाही. आणि वहिनींना सांगा, एएमटीपेक्षा (स्वस्तातली ऑटोमॅटिक) हे बरं, चढावर थांबून निघताना एएमटी मागे सरकते तेव्हा पोटात गोळा येतो.

मधली_आळी
कागदांचं : परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाकून आधी बघ, कर्जाचा बोजा आहे का, इन्शुरन्स जिवंत आहे का, चलनं थकलीत का. बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नको. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुझ्यासमोर. इन्शुरन्स चौदा दिवसांत नावावर करून घे. त्याचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. त्यामुळे प्रीमियम त्याच्यापेक्षा जास्त येईल, ते आधीच हिशोबात धर. आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट ओरिजिनल आहे ना तेही बघ.

बाबलो_कुडाळ
कोल्हापुराक जातास तर आंबा घाटान जा, कुंभार्लीन नको. आंब्यार वर चाय बरी गावता.

डिझेलभक्त
गुहागरहून कुंभार्लीच सोपा. चिपळूण, पाटण, कऱ्हाड, मग हायवे.

बाबलो_कुडाळ
चाय रे चाय. रस्तो कोण इचारता.

नारळीपाक
रविवारी जातोय. बाबा पण येतायत. कोल्हापुरात गाडी लिफ्टवर घेऊन खालून दाखवेल असा ओळखीचा मेकॅनिक कोणाचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विक्रेता म्हणाला, "तुम्ही याल तेव्हा गाडी तयार ठेवतो, धुऊन, सुरू करून."

जुना_गॅरेजवाला
त्याला आजच फोन करून सांग, धुऊ नको आणि सुरू करू नको. गाडी रात्रभर उभी पाहिजे. पोचल्यावर आधी बोनेटला हात लाव, गरम लागलं तर जेवून या आणि मग परत बघा. थंड इंजिन पहिल्या सेकंदाला काय आवाज करतं ते ऐकायचंय, आणि सायलेन्सरमधून पहिला धूर कुठल्या रंगाचा येतो ते. मेकॅनिकचा नंबर व्यनि केलाय.

पंचगंगा_काठ
मी पण केलाय. आणि जेवायचंच असेल तर ते पण व्यनि करतो, तिथे मात्र बाबांना उंच खुर्ची मिळेल.